हरवलेले नंबर

चाचा,

काल तुमची जियारत झाली, तिसऱ्या दिवसाची दुआ. आतल्या खोलीत मी चाचीला खेटून बसले होते. बाहेरून दुआ ऐकू येत होती, बायका डोळे पुसत होत्या, आणि माझं सगळं लक्ष मांडीवरच्या फोनकडे. तुमच्यासाठी रडायला आले होते, पण रडूच येईना. भीतीने आत दुसऱ्या कशाला जागाच ठेवलेली नाही. हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, काय बाई आहे ही. तुम्हाला सांगायला काही वाटत नाही, तुम्ही मला पंधरा वर्षं ओळखता.

परागचा मेसेज येऊन आज दहा दिवस झाले. माझा एकुलता एक मुलगा तेलाच्या जहाजावर आहे, ते जहाज आखातात नांगर टाकून उभं आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंनी काय काय उडतंय ते टीव्हीवाले दिवसभर नकाशे काढून दाखवतात. टीव्ही मी बंद करून टाकला. त्याच्या गप्प होण्याच्या पाचव्या दिवशी मी तुम्हाला माझ्या दुकानात वाट्टेल ते बोलले. सातव्या दिवशी पहाटे तुम्ही नमाजाला उठलात आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. मध्ये एक अख्खा दिवस होता चाचा. भरडावरच्या माझ्या दुकानातून तुमच्या घरी यायला मला दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी मी दुकानात बसून लोकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत राहिले.

तुमच्या शोकसभेत बोलणारे बोलतील, बोटीवरचे रेडिओ ऑफिसर होते, सगळे समुद्र पालथे घातले होते वगैरे. मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. तुम्ही मला भेटलात ते वहीसकट. निळ्या पुठ्ठ्याची वही काउंटरवर ठेवलीत आणि विचारलंत, "मराठी टायपिंग करतंस मा गो?"

"करतंय, पण अक्षर बघून सांगतलंय," मी म्हटलं.

अक्षर बघितलं आणि नाही म्हणणार होते. आयुष्यभर मोर्सच्या टिकटिकीवर जगलेल्या माणसाचं ते अक्षर, नुसते ठिपके आणि रेघा, बाकी वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. पहिल्या पानावर कसंबसं लागलं ते असं, 'अमेरिकेच्या वकिलाचा पत्रव्यवहार'. मी विचारलं, कोर्टाची केस आसा काय? तुम्ही हसता हसता खोकायला लागलात आणि मला पाणी द्यावं लागलं. मग ठरलं की दर बुधवारी सकाळी तुम्ही यायचं, तुमचं तुम्ही वाचायचं आणि मी टाइप करायचं.

तो वकील कोण हे नीट समजायला मला महिना लागला. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिका तेव्हा नवा देश, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याने आपला एक माणूस युरोपातल्या एका दरबारात धाडला. तिथे सगळ्या राजांची आपसात जुंपलेली. ह्याने दारोदार जाऊन सांगायचं की बाबांनो, तुमच्या लढाईत आमची जहाजं पकडू नका, आणि काय घडलं ते घरी लिहून कळवायचं. पत्र पोचायला चार चार महिने, उत्तर यायला तितकेच, तोवर लढाई भलतीकडेच गेलेली. त्या पत्रांचे तीन जाड खंड तुम्हाला कुठल्याशा परदेशी बंदरात रद्दीत मिळाले होते. निवृत्त झाल्यावर त्यांचं मराठी करायचं तुम्ही मनावर घेतलंत. कशासाठी असं विचारलं तर म्हणालात, "टाइप करत ऱ्हव, तुका कळात."

पहिलं भांडण 'वकील' ह्या शब्दावरूनच. मी म्हटलं, राजदूत लिवा, वकील म्हटल्यावर लोकांक कुडाळच्या कोर्टातलो काळो कोट दिसतलो. तुम्ही ऐकेनात. मराठी राज्यं होती तेव्हा दुसऱ्याच्या दरबारात बसवलेल्या माणसाला वकीलच म्हणत, हे तुमचं एक म्हणणं. दुसरं असं, "राजदूताक मागे राजा लागता गो. ह्याच्या मागे कोण? ह्यो बिचारो परक्या दारात उभो ऱ्हवान दुसऱ्याचां गाऱ्हाणां घालता." गाऱ्हाणं म्हटल्यावर मी हरले. आपल्या जत्रेत एक जण अख्ख्या गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत जातात, ते तुम्ही लहानपणापासून देवळाबाहेर उभं राहून ऐकलेलं. त्या वकिलाच्या प्रत्येक पत्राला शेवटी एक शेपूट असे, आपला अत्यंत आज्ञाधारक, अत्यंत नम्र सेवक, वगैरे वगैरे. ती शेपूट आली की तुम्ही चष्मा काढायचात आणि म्हणायचात, "व्हय म्हाराजा." दर पत्राला. मी दर पत्राला हसले. एवढा काही मोठा विनोद नव्हता तो.

पण ती पत्रं वाचून मला भीती वाटायची, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. परक्या माणसाची, मेलेल्या लढाईची पत्रं, तरी वाटायची. सहा सहा महिने घरून अक्षर नाही. आपण ज्या देशाच्या वतीने बोलतोय त्याने मधल्या काळात लढाई पुकारली की तह केला, हेही त्याला ठाऊक नसायचं. रोज बंदरावर माणूस पाठवायचा, आणि माणूस रिकाम्या हाताने परत. हे वाचताना तुमचा आवाज अगदी सपाट व्हायचा. मी एकदा म्हटलं, चाचा, वायच जीव घालून वाचा. तर म्हणालात, घाबरलेला माणूस असाच लिहितो आणि असाच वाचतो.

त्याची लिहायची रीत मला अजब वाटली होती. प्रत्येक पत्राला नंबर. प्रत्येक पत्राच्या तीन नकला, तीन निराळ्या जहाजांनी धाडायच्या. एक जहाज शत्रू पकडणार, एक बुडणार, तिसरं पोचलं तर पोचलं. टपालाच्या थैलीत शिसं घालत आणि शत्रू जवळ आला की कप्तान ती थैली समुद्रात सोडून देई. "आपल्या जाळ्याक लावतत तसां शिसां," तुम्ही म्हणालात. ज्याला पत्र मिळे त्याने आधी नंबर बघायचा. सत्तावीसच्या मागून एकोणतीस आलं तर समजायचं, अठ्ठावीस तळाला गेलं. म्हणजे काय वाचायचं राहिलं हे कळत नाही, पण काहीतरी राहिलंय एवढं कळतं. मला वाटलं होतं, त्यापेक्षा न कळलेलं बरं.

तिसऱ्या खंडाने मात्र आपली खरी भांडणं लावली. त्यात त्याची खासगी पत्रं होती, धाकट्या भावाला लिहिलेली. एकाच दिवशी दोन पत्रं. सरकारला लिहितो, परिस्थिती आटोक्यात आहे, मी प्रयत्न चालू ठेवले आहेत. भावाला लिहितो, मला झोप नाही, जिन्यावर पाऊल वाजलं की धरायला आले असं वाटतं. मी भडकले. म्हटलं, खोटारडो आसा तुमचो वकील. ज्यांच्या जिवावर गेलाय त्यांना खरं सांगत नाही.

"खोटो नाय तो," तुम्ही म्हणालात. "कोणाक काय झेपता तां बघून लिवता."

"झेपतं की नाय तां ज्याचां तेणां ठरवूचां. ह्यो कोण ठरवणारो?"

तुम्ही मान हलवलीत आणि पान उलटलंत. हा वाद आपण निदान वीस बुधवार घातला. मी माघार घेतली नाही आणि तुम्हीही नाही.

आता परागचं. त्याचे वडील तो सातवीत असताना गेले. आम्ही मूळ आचऱ्याकडची, काजू-आंबा आणि भात बघणारी माणसं. समुद्र आम्हाला मासे खाण्यापुरता ठाऊक. आमच्या घराण्यात कुणी बोटीवर गेलं नाही. पण बारावीनंतर पोरगं म्हणायला लागलं, मी चाचांसारखा जाणार. फॉर्म तुम्ही आणलेत, इंटरव्ह्यूची तयारी तुम्ही करून घेतलीत, मुंबईला सोबत तुम्ही गेलात. मी नको नको म्हणत होते, आणि मग एक दिवस त्याचं तोंड बघून हो म्हटलं. ते हो मी तुमच्यावर विश्वास ठेवून म्हटलं होतं.

तो निघाला तेव्हा तुम्ही त्याला एकच गोष्ट सांगितलीत, आमच्या ओटीवर, त्याच्या आवशीसमोर, म्हणजे माझ्यासमोर. "रोजच्या गजालींक नंबर नको. पण नीट बसान लिवशीत त्या मेसेजाक नंबर घाल. मधलो एकादो नाय पोचलो तर आवशीक कळात." पोराने ते इमानाने पाळलं. मला मेसेज यायचे, '८. बरो आसंय. आज डाळ बरी होती.' '९. बरो आसंय. हय लय थंडी.' मी ते मोठ्या कौतुकाने गिऱ्हाइकांना दाखवायची. माझा मुलगा मला नंबर घालून पत्रं लिहितो.

अकरा नंबर आलाच नाही. दहाच्या मागून बारा. मी धावत तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, "जहाजावरच्या नेटाचां काय खरां नाय. बुडालो आसात." मग सव्वीस आणि सत्तावीस बुडाले. मग चव्वेचाळीस. परागला विचारलं तर म्हणे, पाठवलेलंय गो, पोचलो नसात. फोनवरचा मेसेज बुडतो कसा हो, असं एका कॉलेजच्या मुलीने मला विचारलं होतं दुकानात. मी तिलाच वेड्यात काढलं. म्हटलं, तुका काय म्हायत जहाजावरचां.

लढाई सुरू झाल्यावर दर दोन दिवसांनी मेसेज यायला लागला. अडुसष्ट, एकोणसत्तर. मग एकदम एकाहत्तर, 'बरो आसंय, काळजी करू नको, जेवण वेळेवर आसा.' आणि त्यापुढे काही नाही. पहिले दोन दिवस मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात फोन केला, तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, परिस्थिती आटोक्यात आहे मॅडम, आम्ही प्रयत्न चालू ठेवले आहेत. चाचा, मी फोन ठेवून दिला. हे वाक्य मी स्वतः टाइप केलं होतं. ते कुठल्या पत्रात येतं आणि त्याच दिवशी दुसऱ्या पत्रात काय असतं ते मला पाठ होतं.

पाचव्या दिवशी तुम्ही दुकानात आलात. बुधवार नव्हता. हातात वही नव्हती. मी ते बघितलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. तुम्ही टोपी काढून काउंटरवर ठेवलीत आणि म्हणालात, "शुभा, वायच बस. माका तुका..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि एक वाक्य मात्र विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. "तुमका स्वतःचां पोर नाय. म्हणान दुसऱ्याचां समुद्रात घातलात."

तुम्ही काउंटरवरून टोपी उचललीत. "बरां," म्हणालात, "मी मगे येतंय." आणि पायऱ्या उतरून गेलात, एका हाताने भिंत धरून. मी तुम्हाला पाठीमागून बघत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, लागू दे ह्यांना. चाचा, मी तेव्हा खरंच हे म्हटलं. तुमच्यापासून लपवून काय करू.

मग चाचीचा फोन आला. "शुभा, ह्ये गेले गो." मी आले तेव्हा तुम्हाला न्हाऊ घालून झालं होतं. एवढा भांडकुदळ माणूस, आणि इतका मुकाट पडलेला. चाची म्हणाली, बघून घे, मगे पुरुष नेतले. मी बघितलं. माफ करा म्हणायचं होतं, पण खोलीभर बायका होत्या आणि त्या बायकांना काय म्हणून सांगणार, कशाची माफी? जनाजा उठला आणि माझी माफी माझ्याकडेच राहिली.

काल जियारत आटोपल्यावर चाचीने तुमचा फोन माझ्या हातात दिला. "ह्यांचे बोटीवरचे दोस्त आसत खंय खंय, तेंका कळव. माका ह्यातलां काय येना नाय." तुमचे दोस्त शोधायला म्हणून मी फोन उघडला. सगळ्यात वरचं नाव पराग.

'११. चाचा, इंजिनरूमात आग लागली. विझवली. माझो हात भाजलो. आवशीक सांगू नका.'

'२६. आमचो एक खलाशी वरसून पडलो आणि गेलो. मी बाजूकच होतंय. झोप येना नाय.'

'२७. आज झोपलंय चाचा.'

'४४. घराक येवन परत जावचां नाय असां वाटता. आवशीक सांगितलां तर म्हणतली, बघ, मी सांगलेलंय.'

बुडालेलं एकही नव्हतं. सगळे मधले नंबर तुमच्याकडे सुखरूप होते. पोराची चूक एवढीच झाली की त्याने दोघांना मिळून एकच नंबरांची माळ धरली. मला वेगळे आकडे घातले असते आणि तुम्हाला वेगळे, तर मला कधी शंकासुद्धा आली नसती. त्या वकिलाने ही चूक केली नव्हती. तो सरकारी पत्रांना नंबर घाली आणि भावाच्या पत्रांना घालतच नसे. तुमच्याकडून अर्धाच धडा शिकला माझा मुलगा.

तुमच्या ओटीवर बसून मी वाचत गेले आणि मला संताप येत गेला. सुट्टीवर आला तेव्हा हातावरचा डाग बघून मी विचारलं होतं, तर म्हणाला चहा सांडला. तुम्ही तेव्हा समोर बसून चहाच पीत होता. तुम्हाला ठाऊक होतं. चार वर्षं माझ्या मुलाचं सगळं खरं तुमच्या खिशात, आणि मला डाळ बरी होती. आणि त्याच वेळी, ह्याच ओळी वाचताना, मला कळत होतं की माझ्या पोराने जिथे जीव मोकळा केला ती जागा तुम्ही होता. प्रत्येक नंबराखाली तुमचं उत्तर आहे, त्याच दिवसाचं. आगीच्या रात्री तुम्ही त्याला बर्फ नको, साधं पाणी घाल म्हणून लिहिलंत. खलाशी गेला तेव्हा लिहिलंत, त्याच्या घरच्यांना तू पत्र लिही, त्याशिवाय झोप यायची नाही. त्याने लिहिलं असणार. सत्ताविसाव्याला झोप आली ती त्याने. आई म्हणून मी काय केलं असतं? मी म्हटलं असतं, बघ, मी सांगलेलंय. पोरगं मला बरोबर ओळखून होतं.

आणि बहात्तर. तो माझ्या गप्प दिवसांतल्या चौथ्या दिवसाचा.

'७२. चाचा, बाजूच्या जहाजार पडलां. आमच्यार नाय. कॅप्टनान फोन बंद करूक सांगितल्यान. लाइफ जॅकेट घालूनच निजतंव. माका भय वाटता. आवशीक सांगू नका.'

त्याखाली तुम्ही लिहिलंय, 'पराग, आता पुरे. ह्यां मी तुझ्या आवशीक सांगतलंय. ती तुका वाटता तितकी कच्ची नाय. उद्या सकाळी दुकानात जातंय.'

उद्या सकाळी म्हणजे पाचवा दिवस. वही नसताना का आलात ते मला काल कळलं. तुम्ही चार वर्षांचा शब्द मोडून माझ्याकडे आला होता, माझी बाजू घेऊन. आणि मी तुम्हाला एक वाक्य पुरतं बोलू दिलं नाही.

त्या दिवशी दुपारी तुम्ही त्याला पुन्हा लिहिलंत. ते शेवटचं. 'आज सांगूक जमलां नाय. ती लय घाबरलेली आसा. मी परत जातलंय. तू जीव सांभाळ.' मी काय बोलले त्याचा एक शब्द नाही. ओळीपुढे एकच बरोबरची खूण. म्हणजे गेलं, पण पोचलं नाही.

चाचा, मला माफ करा. तुम्हाला पोर होतं. माझंच होतं, आणि मला ते वाटून घेता आलं नाही.

इथवर काल लिहिलं आणि थांबले. पुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं. नुसती भीती होती, आणि ती लिहून कमी होत नाही.

आज सकाळी दुकान उघडलं. कीबोर्डच्या एका बाजूला माझा फोन, दुसऱ्या बाजूला तुमचा. एक गिऱ्हाईक सातबाऱ्याच्या चार प्रती मागत होतं. मी दुसरी प्रत काढत होते तेव्हा फोन थरथरला. माझा नाही. तुमचा.

'७३. चाचा, जहाज सोडलां. जळता हा. कालपासून होडयेत होतंव, आता दुसऱ्या बोटीर घेतल्यानी. तीन जणां गावली नायत. माका धड बोलूक जमना नाय. आवशीक फोन करूचो धीर नाय. तुम्ही आसात मा? जबाब द्या.'

गिऱ्हाइकाला मी काय सांगून वाटेला लावलं, आठवत नाही. शटर अर्धं ओढलं आणि खाली फरशीवर बसले. जिवंत आहे. एवढंच पुन्हा पुन्हा वाचत होते. मग दिसलं की तुमच्या त्या शेवटच्या ओळीपुढे दुसरी खूण उमटलीय. पोचली. 'मी परत जातलंय.' त्याने ती वाचली होती. त्याच्या लेखी तुम्ही मालवणात होता, आज ना उद्या माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढणार होता.

त्याच्या नावाखाली ऑनलाइन दिसत होतं. तो थांबला होता.

माझ्या फोनवरून लगेच लावता आला असता. हातात घेतला आणि खाली ठेवला. मी 'बाळा' म्हटलं असतं आणि तो म्हणाला असता बरो आसंय, आणि तिथेच संपलं असतं. खरं तो तुम्हालाच सांगणार होता. आणि तुम्ही गेलात हे ज्या घटकेला त्याला कळेल त्या घटकेला त्याला सांगायला कुणी उरणार नाही. तीन माणसं समुद्रात ठेवून आलेलं पोरगं, परक्या बोटीवर, ओलं. मी आयुष्यभर लोकांचं टाइप करून पोट भरलं, आणि एक शब्द टाइप करताना बोटं वळेनात.

'आसंय,' मी लिहिलं.

आपल्या बोलीचं एक बरं आहे. 'आसंय' म्हणणारा बाप्या आहे की बाई, ते त्यातून कळत नाही. मी खोटं लिहिलं नाही चाचा. आपल्या त्या वीस बुधवारांच्या वादात तुम्ही जिंकलात असं मात्र मी अजून म्हणणार नाही.

मग तो लिहीत सुटला. कोण कुठे उभं होतं, कोणाचा हात सुटला, पाण्यावर तेल कसं पेटलं. मी 'व्हय' लिहीत गेले. मध्ये एकदा लिहिलं, तुझ्या आवशीक सगळां कळलां हा, ती रागावलेली नाय. बराच वेळ काही आलं नाही. मग माझा स्वतःचा फोन वाजला.

'७४. आई, बरो आसंय. काळजी करू नको.'

मी तोंडात पदर कोंबून रडले. इतके दिवस येत नव्हतं ते सगळं आलं, तुमचं आणि त्याचं. त्याला लिहिलं, बरां बाळा, जेव. दुसरं काय लिहिणार.

दुपारी चाचीकडे जाऊन सांगितलं की पराग घरी पोचेपर्यंत चाचा गेल्याचं त्याला कुणी कळवायचं नाही. चाचीने मला जवळ घेतलं आणि विचारलं, तोवर तो फोन तुझ्याकडेच ऱ्हवांदे मा? मी हो म्हटलं. मला वाटलं, जमेल. थोडे दिवसच आहेत. तुमचं बोलणं मला पाठ आहे, पंधरा वर्षं टाइप केलंय.

आत्ता, हे लिहायला बसले तेव्हा, तुमच्या फोनवर पुन्हा आलंय. ह्या वेळी नंबर नाही घातला त्याने.

'चाचा, तुमचां जहाज बुडलेलां तेव्हा तुम्ही किती दिवस गप होतात? मगे परत बोटीर कसे गेलात?'

तुमचं जहाज बुडालं होतं, हे मला आजच कळतंय. पंधरा वर्षं दर बुधवारी समोर बसत होता. त्या वकिलाच्या जिन्यावरच्या पावलांबद्दल भांडले मी तुमच्याशी, आणि तुम्हाला कधी काय झालं होतं, हे एकदाही विचारलं नाही. चाचीला विचारलं आत्ताच फोन करून. तिलाही तुम्ही सांगितलं नव्हतंत.

तो ऑनलाइन आहे. थांबलाय. मी काय लिहू, चाचा?